चढावर शून्य

दवाखान्याचा चढ निम्मा झाला होता, तेवढ्यात व्हॅनचा वेगाचा काटा टपकन शून्यावर पडला. व्हॅन मात्र चालतच होती. मग गिअरबॉक्सने असा हिसका दिला की मागच्या बाकावरच्या मास्तरांचा चष्मा नाकावरून मांडीत आला, आणि स्टिअरिंगपलीकडे इंजिनचा पिवळा दिवा लागला.

मास्तरांनी चष्मा चाचपून पुन्हा चढवला आणि पुढे वाकून काटा पाहिला. आयुष्यभर त्यांनी गणित शिकवलं होतं. "शून्य," ते म्हणाले. "म्हणजे आपण थांबलोय. मग ही झाडं का मागे चाललीत?"

शेजारच्या शिंपीणकाकू हसल्या. चालवणारी हसली नाही. हा दिवा तिने याआधीही पाहिला होता. तो कायमचा गेला असं समजून ती निर्धास्त झाली होती.

गल्लीत तिला सगळे व्हॅनवाली म्हणत. नवरा जहाजावर, घरी पाहुण्यासारखा यायचा. ती मूत्रपिंडं थकलेल्या माणसांना डायलिसिससाठी दवाखान्यात न्यायची आणि परत आणायची. नुसता दारात हॉर्न वाजवण्याचं काम नव्हतं ते. शिंपीणकाकूंचे गुडघे गेले होते आणि त्या माडीवर राहत. व्हॅनवाली त्यांना पाठुंगळी घेऊन जिना उतरायची, आणि उतरताना काकू तिच्या ब्लाउजची शिवण कशी चुकली आहे ते सांगत असायच्या. परतीच्या वाटेवर माणसं गळून गेलेली असायची, तेव्हा ती खड्डे असे चुकवायची की कुणाचा डोळा उघडू नये.

सोमवारी व्हॅनची धुराची चाचणी होती. ती पास झाली नाही तर गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती, आणि दवाखाना एका मोठ्या कंपनीची बस पाठवणार होता. ती बस गल्लीत शिरत नव्हती. तिचा ड्रायव्हर माडी चढणार नव्हता, हे तर सांगायलाच नको.

दोघांना दवाखान्यात सोडून ती तडक मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पत्र्याची लांब शेड, एक लिफ्ट आणि भिंतीला क्रमाने टांगलेले पाने. माणूस सरळ होता. त्याने स्टिअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनर लावला, पडद्यावरचा दोषाचा कोड वाचला आणि मान हलवली. तोच कोड. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा दांडा किती वेगाने फिरतो ते मोजणारा एक अंगठ्याएवढा सेन्सर असतो, त्याची खबर गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत नव्हती. मागच्या खेपेला मिस्त्रीने तो सेन्सर बदलला होता. त्यानंतर बरेच दिवस दिवा लागला नव्हता. आता नव्या सेन्सरवरही तीच तक्रार.

त्याने गाडी लिफ्टवर चढवली, चाकं अधांतरी फिरवून पाहिली. काटा इमानदारीने वर गेला, इमानदारीने खाली आला. त्याने सेन्सरचा प्लग काढून पुसला, पुन्हा बसवला. सगळं ठीक. मिस्त्री हात पुसत म्हणाला की माझ्या समोर गाडी गुणी बाळासारखी वागते, तेव्हा दोष आतच असणार. गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल, आणि तो सोमवारच्या आत परत बसणार नाही.

व्हॅनवालीने त्याला कोड नुसता पुसून टाकायला सांगितलं. दिवा गेला की झालं, सोमवारपर्यंत ती गाडी जपून चालवील.

"पुसतो की," मिस्त्री म्हणाला, "पण वहिनी, कोड पुसला की गाडीने स्वतःच्या केलेल्या सगळ्या तपासण्याही पुसल्या जातात. चाचणीवाले हाच पडदा बघतात. पाटी कोरी दिसली की ते परत पाठवतात. आधी दोष काढायचा, मग पुसायचं, मग गाडी भरपूर फिरवायची, म्हणजे एकेक तपासणी ती पुन्हा करते. मधला रस्ता नाही."

गिअरचा आणि धुराचा संबंध काय, हे तिने विचारलं तेव्हा त्याने तेही समजावलं. वेग कळला नाही तर गाडी चुकीचा गिअर टाकते, इंजिन रडत ओढतं आणि पेट्रोल जास्त जाळतं. म्हणून चाचणीत तो दिवा चालत नाही.

मास्तरांना आणि काकूंना परत पोचवून ती घरी आली तेव्हा नणंद स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शब्दकोडं सोडवत बसली होती. नवऱ्याची थोरली बहीण. लग्न झालं तेव्हा व्हॅनवाली तिला गमतीने जुन्या पद्धतीने वन्सं म्हणायची. गंमत संपली, हाक राहिली. वन्सं टेलिफोन खात्यात केबल जोडायच्या. जमिनीखाली खड्ड्यात उकिडवं बसून, शेकडो तारांच्या जुडग्यातली मेलेली एक तार शोधून ती जिवंत करायची, हे त्यांचं काम. मग तांब्याच्या तारा गेल्या, काचेच्या आल्या, आणि खात्याने वन्संना हार घालून घरी पाठवलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांचा सल्ला मिळत असे. दाराच्या बिजागरीला, नळाला, भावजयीच्या भात शिजवण्याला. व्हॅनवाली ऐकून घ्यायची, पण दात थोडे आवळून.

आज ती न विचारताच बोलती झाली. चुलीचा राग भांड्यावर निघतो तसा तिने कपाटाचा दरवाजा आपटला आणि सगळं सांगितलं. वन्संनी पेन्सिल खाली ठेवली.

"आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला झालं असेल," त्या म्हणाल्या. "काटा पडतो तो कुठे?"

"गाडीत. आणखी कुठे?"

"तसं नाही. रस्त्यावर कुठे? आज कुठे पडला, त्याआधी कुठे पडला होता?"

व्हॅनवाली चिडून काहीतरी बोलणार होती, पण प्रश्न डोक्यात शिरला. आज दवाखान्याच्या चढावर. त्याआधी? तोही दवाखान्याचा चढ. त्याच्याही आधी एकदा पाण्याच्या टाकीकडे जाताना. तीही चढणच. सपाटीवर कधी? ती आठवू लागली आणि तिला आठवेना. वन्संनी विचारलं की सेन्सर बदलल्यावर इतके दिवस गाडी नीट कशी चालली. त्याचं उत्तर मात्र तिला लगेच सापडलं, आणि सापडताच ती खुर्चीवर बसली. त्या दिवसांत चढाचा रस्ता खणून ठेवला होता. ती मागच्या फाटकाने, सपाट वाटेने जात होती. सेन्सर बदलल्यामुळे काहीच बरं झालं नव्हतं. रस्ता बदलला होता, एवढंच.

वन्सं उठल्या. त्यांनी सांगितलं की एका वस्तीतला टेलिफोन रोज दुपारीच मुका व्हायचा. सकाळी माणूस जाऊन बघे तर ठणठणीत. दुपारी वारा सुटायचा, खांबावरची तार ताणली जायची आणि आतल्या आत तुटलेलं टोक सुटायचं. वारा पडला की टोक पुन्हा जुळायचं. वरचं वेष्टण शाबूत, म्हणून कुणाला दिसायचं नाही.

"चढावर गाडीत काय ताणलं जातं?" त्यांनी विचारलं.

ते दोघींनाही माहीत नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने सांगितलं. जोर लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून आपल्या रबरी पायांवर एका बाजूला कलतात, चांगले बोटभर. लिफ्टवर चाकं मोकळी फिरतात, जोर लागत नाही, म्हणून तिथे काही कलत नाही. बोलता बोलता मिस्त्रीचा आवाज हळू झाला. तो वन्संकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागला.

वन्संनी कपाटाच्या तळातून आपली कातडी पिशवी आणली होती. त्यात त्यांचा मीटर होता, पक्कड होती, सोल्डरची सळई होती. सगळं पुसून, गुंडाळून ठेवलेलं. त्या निवृत्त झाल्यापासून ती पिशवी उघडलेली व्हॅनवालीने पाहिली नव्हती. मिस्त्रीने गाडी वर घेतली. वन्सं खाली उभ्या राहून, मान वाकडी करून सेन्सरपर्यंत पोचल्या, प्लगच्या मागून दोन बारीक सुया आत सरकवल्या आणि त्यांना लांब तारा जोडल्या. त्या तारा खिडकीतून आत घेतल्या. हा सेन्सर स्वतःच थोडी वीज तयार करतो, दांडा फिरेल तशी कमीजास्त. ती मीटरवर दिसणार होती.

"चल चढावर," वन्सं पुढच्या सीटवर बसत म्हणाल्या.

मिस्त्री मागे बसला. चढ सुरू झाला. व्हॅनवालीने पाय दाबला, इंजिन कण्हलं आणि काटा शून्यावर पडला, हिसका बसला. तिने वन्संच्या मांडीवरच्या मीटरकडे पाहिलं. तिथला आकडा मात्र पडला नव्हता.

"सेन्सर बोलतोय," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "गिअरबॉक्स फिरतोय, सेन्सर मोजतोय, सांगतोयसुद्धा. ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही."

मागून मिस्त्री म्हणाला, "म्हणजे गिअरबॉक्स उघडायचा नाही."

"उघडला असतात तर आत काही सापडलं नसतं."

मग वन्संनी सुया दुसऱ्या टोकाला लावल्या, बॅटरीशेजारी जिथे ती तार कॉम्प्युटरच्या प्लगात शिरते तिथे. पुन्हा चढ. या वेळी काटा पडला तेव्हा मीटरचा आकडाही पडला. आता शंका उरली नाही. एका टोकाला आवाज होता, दुसऱ्या टोकाला नव्हता. दोष मधल्या हातभर तारेत कुठेतरी होता.

गॅरेजमध्ये बॉनेट उघडून त्या कामाला लागल्या. भावजय टॉर्च धरून उभी राहिली. वन्संनी मीटर असा लावला की तार अखंड असेल तोवर तो वाजत राहील. मग तारांच्या जुडग्याला सेन्सरकडून सुरुवात करून त्या चिमटीने हलकेच ओढत पुढे सरकू लागल्या. मीटर वाजत होता. चिमटीभर पुढे, पुन्हा ओढ. वाजत होता. शेडमध्ये दुसरा आवाज नव्हता. मिस्त्रीने पंखासुद्धा बंद केला होता. वन्संनी डोळे मिटून घेतले. त्यांची बोटं म्हातारी होती, सांधे सुजलेले, पण तारेवरून ती अशी फिरत होती जशी एखादी बाई केसांतून बोटं फिरवते.

मीटर थांबला.

त्यांनी बोट सैल सोडलं, तो वाजला. ओढलं, थांबला.

तिथे जुडगं एका प्लास्टिकच्या पट्टीने गाडीच्या अंगाला घट्ट बांधलेलं होतं. पट्टीच्या अलीकडे ते इंजिनबरोबर हलायचं, पट्टीपलीकडे हलायचं नाही. प्रत्येक चढावर मधली तार ओढली जात होती. वरून निळं वेष्टण गुळगुळीत होतं. वन्संनी ब्लेडने ते सोललं, तर आत तांब्याचे धागे तुटून काळे पडलेले. एखाददुसरा धागा टेकून उभा होता, बस.

मिस्त्रीने वाकून ती पट्टी बोटाने चाचपली. "ही मीच बांधली असणार," तो म्हणाला. "बॅटरीचा ट्रे बदलला तेव्हा तारा लोंबत होत्या. मला लोंबती तार बघवत नाही."

"नीटनेटकेपणानेच बांधली तुम्ही," वन्सं म्हणाल्या. "पण तारेला झोळ लागतो. झोळ नसला की ती दिसायला छान आणि कामाला कुचकामी."

त्यांनी खराब तुकडा कापून टाकला. मिस्त्रीने त्याच जाडीची तार शोधून आणली, हवी त्यापेक्षा लांब. वन्संनी दोन्ही टोकं सोलून धागे एकमेकांत पिळले आणि सळई तापवली. सोल्डर वितळून धाग्यांत शिरलं, चांदीसारखं चकाकलं. वरून नळी चढवून मिस्त्रीने गरम हवेने ती आवळली. जुडगं पुन्हा बसवलं तेव्हा त्याला पुरता झोळ होता. वन्सं कंबर धरून सरळ झाल्या आणि स्वतःच्या कामाकडे पाहत उभ्या राहिल्या. व्हॅनवालीने टॉर्च अजून तिथेच धरला होता. तिला वाटलं, इतकी वर्षं एका घरात राहून आपण या बाईला कामावर पाहिलंच नव्हतं.

त्यांनी कोड पुसला आणि चढावर गेले. काटा वर चढला आणि चढतच राहिला. पाय दाबला, इंजिन कललं असेल, काट्याला त्याचं काही नव्हतं. माथ्यावर पोचल्यावर व्हॅनवालीने गाडी वळवली आणि कुणाला न विचारता पुन्हा खाली जाऊन तोच चढ पुन्हा चढली.

आता पाटी कोरी होती आणि भरायची होती. मिस्त्रीने आपला स्कॅनर सोमवारपर्यंत त्यांना वापरायला दिला. शनिवारी डायलिसिसची फेरी होती. मास्तरांनी स्कॅनर स्वतःच्या ताब्यात घेतला. गाडी एकेक तपासणी पुरी करी तशी पडद्यावर एकेक हिरवी खूण उमटे, आणि मास्तर वर्गात हजेरी घ्यावी तसे मोठ्याने सांगत. शिंपीणकाकू प्रत्येक खुणेला बोटातली अंगठी खिडकीच्या दांडीवर वाजवत. परतताना दोघंही दमून झोपी गेली, तरी मास्तरांच्या हातातून स्कॅनर सुटला नाही.

एक खूण मात्र उमटेना. मिस्त्रीला फोन केला तर त्याने टाकीत पेट्रोल किती आहे ते विचारलं. व्हॅनवालीने अभिमानाने सांगितलं की चाचणीला जायचं म्हणून काठोकाठ भरलंय. पलीकडे मिस्त्री इतका हसला की फोन दूर धरावा लागला. टाकीतल्या वाफेची ती तपासणी होती. टाकी पूर्ण भरलेली असली की गाडी ती करतच नाही. आता पेट्रोल जाळायचं, दुसरा उपाय नाही.

म्हणून रविवारी सकाळी दोघी गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागल्या, कुठेही न जाण्यासाठी. एका वेगाने, धक्का न देता. बराच वेळ गेल्यावर व्हॅनवालीचा खांदा भरून आला आणि तिने ते बोलून दाखवलं.

"मग उतर," वन्सं म्हणाल्या. "मी घेते."

"तुम्हाला येते?"

"खात्याची जीप कोण चालवायचं असं वाटतं तुला? केबलचं रीळ घेऊन डोंगर चढलेय मी."

"मग आजवर बोलला नाहीत कधी."

"विचारलंस कधी?"

व्हॅनवालीने गाडी कडेला घेतली. दोघींनी जागा बदलल्या. वन्संनी सीट पुढे ओढली, आरसा खाली केला आणि गाडी अलगद रस्त्यावर आणली. मग तिच्या लक्षात आलं की वन्सं रस्ता सोडून दुसऱ्या कशावरही बोलत नाहीयेत. ना दार, ना नळ, ना भात. ती हसू लागली. वन्संनी कारण विचारलं. तिने सांगितलं, आणि मग दोघी हसू लागल्या. पेट्रोलचा काटा भरल्या टाकीच्या खुणेवरून बराच खाली आला. दूरवरचा पूल येता येता स्कॅनरवर शेवटची हिरवी खूण उमटली. या वेळी ती व्हॅनवालीने मोठ्याने सांगितली.

सोमवारी चाचणीच्या केंद्रावर रांग होती. तपासनीस बाई कमी बोलणारी होती. तिने नळीतून धूर मोजला, मग स्टिअरिंगखाली आपलं यंत्र लावलं आणि पडद्याकडे पाहत राहिली. व्हॅनवाली टाचा उंचावून तोच पडदा वाचायला बघत होती. वन्सं मात्र आरामात होत्या. जोड आपण दिलाय, तो सुटणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"सगळं पुरं आहे," तपासनीस बाई म्हणाली. "एवढ्या जुन्या गाडीत असं कमी दिसतं. काम कुणी केलं?"

"माझ्या नणंदेने," व्हॅनवाली म्हणाली.

बाईने यंत्रावरून नजर उचलून वन्संकडे पाहिलं. वन्संनी नुसती मान डोलावली, जशी चांगल्या कामाची पावती घेताना डोलावतात. बाईने पास झाल्याचं स्टिकर काढून काचेवर लावलं आणि त्याचा कोपरा नीट दाबला.

पुढच्या फेरीला शिंपीणकाकू पाठुंगळी उतरताना म्हणाल्या की तुझा ब्लाउज आण, शिवण दुरुस्त करून देते, फुकट. दवाखान्याचा चढ आला तेव्हा व्हॅनमधले सगळे पुढे वाकून काटा बघू लागले. काटा वर गेला, वरच राहिला. माथ्यावर मास्तरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि दवाखान्याच्या दारातला पहारेकरी या गाडीत लग्नाचं वऱ्हाड आहे की काय म्हणून बघायला पुढे आला.

दोनच दिवसांनी दुपारी मिस्त्रीचा फोन आला. व्हॅनवालीला वाटलं, स्कॅनर परत मागतोय. त्याने आधी ताई आहेत का म्हणून विचारलं. त्याच्याकडे एक छोटा टेम्पो आला होता. तो डावीकडे वळला की त्याचा हॉर्न आपोआप वाजायचा आणि उजवीकडे वळला की थांबायचा. मालक सगळ्या गॅरेजांना कंटाळला होता. मिस्त्रीने त्याला सांगितलं होतं की माझ्याकडे एक बाई आहेत, त्यांना येऊ दे.

वन्संनी फोन हातात घेतला. हॉर्न पावसात वाजतो की उन्हातही, दार उघडं असताना वाजतो का, वळताना ड्रायव्हरचा हात कुठे असतो, असे प्रश्न विचारत त्या अर्धा वेळ नुसतं ऐकत राहिल्या. फोन ठेवला तेव्हा शब्दकोडं अर्धवट टेबलावर पडलं होतं. त्यांनी कातडी पिशवी खांद्याला लावली.

"मी सोडते," भावजय म्हणाली.

"तू जरा आडवी हो. सकाळपासून दोन फेऱ्या झाल्यात तुझ्या." त्यांनी खुंटीवरची व्हॅनची किल्ली काढून घेतली. "मी जाऊन येते. आणि भाताला पाणी थोडं कमी घाल गं."

व्हॅनवाली दारात उभी राहिली. व्हॅन गल्लीच्या तोंडाशी अलगद वळली, आणि पलीकडच्या माडीवरून शिंपीणकाकूंनी खिडकीतून हात हलवला.